कर्णा, बॉक्स आणि गावाचा कान

(सापगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींचा आवाज मी ऐकलेला आहे. भरल्या वर्गात ते कधी ओरडले नाहीत. शेवटच्या बाकावर कुणी कुजबुजले तर ते बोलायचे थांबत, आणि त्यांच्या थांबण्यानेच वर्ग शांत होई. या वर्षीच्या व्याख्यानाचा विषय मला विचारला गेला, तेव्हा मी ‘आवाज’ हाच विषय सांगितला. नेमके सांगायचे तर यंत्राने मोठा केलेला आवाज. त्याने आपल्या गाण्याबजावण्याचे काय केले, आणि त्याचा अभ्यास आपल्याच मुलामुलींनी, पाठीशी शिष्यवृत्ती घेऊन, पीएच.डी.च्या पातळीवर का करायला हवा, एवढेच मला आज मांडायचे आहे.

‘स्पीकरवर कसली पीएच.डी. करायची?’ असा प्रश्न मला अनेकांनी केला आहे. त्याचे उत्तर देण्याआधी एक प्रसंग सांगतो.

हळदीची रात्र होती. मांडवात नवरी पाटावर बसलेली, आणि तिच्याजवळ धवले गाणारी म्हातारी. धवला म्हणजे लग्नातल्या विधींचे गाणे. मांडव घालताना वेगळा, हळद लावताना वेगळा. तो गाणारीला आगरी-कुणब्यांत धवलारीण म्हणतात, वारल्यांत धवलेरी. आणि वारल्यांचे लग्न भटजी नाही, धवलेरी लावते. अंगणाच्या कडेला टेम्पो उभा होता आणि त्याच्यावर स्पीकरच्या बॉक्सच्या दोन थप्प्या रचलेल्या होत्या. म्हातारीने गाणे थांबवले नव्हते. तिचे ओठ हलत होते. मागे बसलेल्या चार बाया तिच्या तोंडाशी कान नेऊन ओळ पकडत होत्या आणि मग आपापल्या तोंडाने म्हणत होत्या. विधी यथासांग पार पडला. पण अंगणात नाचणाऱ्या एकाही तरुण मुलीच्या कानावर त्यातला एक शब्द पडला नाही. गाणे जिवंत होते, पण पुढच्या कानापर्यंत पोहोचले नाही. जे गाणे फक्त तोंडातून कानात आणि कानातून तोंडात जगते, त्याच्या बाबतीत न पोहोचणे आणि मरणे यांत फार अंतर उरत नाही.

त्याच रात्री मी टेम्पोवरच्या मुलाशी बोललो. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, हप्त्यावर सेट घेतलेला. कोणत्या बॉक्समध्ये किती इंची स्पीकर, कोणत्या ॲम्प्लिफायरवर किती लोड टाकायचा, जनरेटरचा व्होल्टेज पडला की आधी काय बंद करायचे, हे सगळे त्याला तोंडपाठ. मी त्याला विचारले, ‘गाण्याचे शब्द का कळत नाहीत रे?’ त्याने मिक्सरवर बेस थोडा खाली घेतला आणि म्हणाला, ‘आता बघा.’ आणि खरेच, शब्द कळू लागले. लगेच समोरून आरोळी आली, ‘बेस वाढव!’ त्याने बटण पुन्हा वर नेले.

ती म्हातारी आणि हा मुलगा, दोघेही जाणकार आहेत. दोघांचेही ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नाही. आपल्याकडे स्पीकरबद्दल जे काही कागदावर उतरते ते दोनच ठिकाणी: परवान्याच्या अर्जात आणि तक्रारीच्या अर्जात. आवाज किती, एवढाच प्रश्न तिथे असतो. आवाज कुणाचा, कुणापर्यंत, कशासाठी, आणि त्याखाली कुणाचा आवाज दबला, हे प्रश्न संशोधनाचे आहेत.

माणसाने मोठा केलेला आवाज

यंत्र येण्याआधी आपल्या लोकांना आवाज दूर न्यायची कला येत नव्हती असे नाही. देवळात शिंग होते, तुतारी होती, कर्णा होता. कर्णा हे मूळचे वाद्याचे नाव. पुढे ग्रामोफोनला कर्णा लागला, आणि शेवटी तेच नाव खांबावरच्या लाऊडस्पीकरला मिळाले. एका शब्दाच्या पोटात केवढा इतिहास आहे पाहा.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते. तिथला बैलबाजार प्रसिद्ध, तसेच तिथले तमाशाचे फडही. उघड्या माळावर, हजारोंच्या गर्दीत, माइक नसताना तमाशाची गाणारीण ऐकू कशी जायची? पहिले उत्तर उंच पट्टी. तमाशातला, पोवाड्यातला तो चढा, टोकदार सूर म्हणजे नुसती आवड नव्हती. मोकळ्या रानात तोच सूर टिकतो. दुसरे उत्तर आहे झील. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकायची आणि मागच्या सुरत्यांनी तिचे शेवटचे टोक उचलून वर न्यायचे. गाणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि शेवटच्या रांगेपर्यंत ओळ पुन्हा एकदा जाते. कीर्तनातले टाळकरी हेच करतात, धवलारिणीच्या मागच्या बाया हेच करतात. मी तर म्हणेन, झील हा आपला पहिला ॲम्प्लिफायर. फरक इतकाच की तो माणसांचा होता. आवाज मोठा व्हायला चार माणसे लागत, आणि त्या चारांना गाणे पाठ असावे लागे. म्हणजे आवाज मोठा करता करता गाणे शिकवलेही जाई.

तारप्याचे उदाहरण याहून बोलके आहे. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे हे वाद्य. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी पिढीजात तारपा वाजवला आणि संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारापर्यंत तो नेला. तारप्याच्या नाचात वाजवणारा मध्यभागी असतो. हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात. तो वळला की सगळा फेर वळतो. तारप्याला पाठ दाखवायची नाही, असा दंडक. आता याच नाचात तारप्यासमोर माइक धरा आणि स्पीकर मैदानाच्या एका टोकाला ठेवा. तारपा मध्यभागी आहे, पण त्याचा आवाज कोपऱ्यातून येतो. पाय कुणाच्या मागे जाणार? कान जिकडे नेईल तिकडे. स्पीकरने आवाज वाढवला, आणि नकळत नाचाचे मध्यस्थान हलवले. डेसिबलच्या कुठल्याही नोंदीत हा बदल दिसणार नाही. तो पाहायला नाच समजणारे डोळे लागतात.

यंत्र आले

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१५ साली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात विजेवर चालणारा मोठा लाऊडस्पीकर लोकांसमोर आणला. त्याला नाव दिले ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे महा-आवाज. १९१९ मध्ये सॅन दिएगोच्या सभेत अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन त्यातून बोलले. आपल्याकडे हे यंत्र रुजवले राजकीय सभांनी. गांधी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहिलीत तर माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते. नाव परदेशी वाटले तरी कंपनी मोटवाने कुटुंबाची, इथलीच. पुढे दिल्लीच्या आहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर गावोगाव पोहोचले. वीज नव्हती तिथे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालले.

संगीतावर परिणाम झाला तो इथून. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानने ग्रामोफोनसाठी गायले तेव्हा माइक नव्हता. कर्ण्याच्या तोंडात जोर लावून गावे लागे. १९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले, १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झाले, आणि हळुवार गळ्याला पहिल्यांदा किंमत आली. मराठी भावगीत जन्मले ते याच काळात, याच माइकच्या कुशीत. गजाननराव वाटवे गणेशोत्सवात रस्त्यावरच्या, चौकातल्या गर्दीपुढे भावगीत गात, ते माइक होता म्हणून. १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, आणि पुढे हजारो लोक मंडपात बसून ख्याल ऐकू लागले, तेही माइकमुळेच. जे गाणे चार-दोनशे माणसांच्या दिवाणखान्यापुरते होते, त्याला यंत्राने मैदान दिले. तेव्हा यंत्र म्हणजे संगीताचा वैरी, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

आणि हेही लक्षात घ्या, की मैदान सगळ्यांना सारखे नव्हते. ज्या वस्तीला गावाच्या चावडीत, देवळात, मंडपात जागाच नव्हती, तिच्या आवाजाला कर्ण्याने वाट दिली. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी जे गाणे घडवले, ते १४ एप्रिलला खांबावरच्या कर्ण्यातून वेशीपलीकडे ऐकू जाऊ लागले, तेव्हा ‘आम्हीही या गावचे आहोत’ हे सांगायला वेगळे भाषण करावे लागले नाही. बाया-बापड्यांच्या भजनी मंडळांचेही तेच. ओसरीवर दबक्या आवाजात म्हणणारी बाई माइकपुढे बसली आणि सबंध आळीने तिचे भजन ऐकले. आवाज मोठा करण्याचा हक्क हा मान मिळवण्याचा हक्क होता. जो अभ्यासक हे विसरेल, तो स्पीकरची फक्त तक्रारच लिहील.

कर्णा आणि बॉक्स

आता थोडे यंत्राच्या जवळ जाऊ. सप्ताहातला कर्णा आठवा. त्याच्या मागे एक लहान युनिट असते. त्यातला पातळ पडदा थरथरतो, आणि पुढच्या नरसाळ्यातून ती थरथर मोठी होऊन बाहेर पडते. थोड्या वॅटमध्ये खूप लांब जाणे, हे त्याचे वैशिष्ट्य. पण साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कर्णा जवळजवळ गाळून टाकतो. म्हणून लांबून सप्ताह ऐकला तर टाळ ऐकू येतात, बुवांचे शब्द ऐकू येतात, पण पखवाजाच्या धुम्याचा घुमार येत नाही. खेड्यात ज्यांचे लहानपण गेले त्यांच्या कानात सकाळच्या काकड्याचा आवाज असाच बसला आहे: बारीक, किंचित नाकातला, टाळांनी भरलेला. आपण त्याला भक्तीचा आवाज समजतो. त्यात अर्धी कर्ण्याची कामगिरी आहे.

त्यानंतर बेंजो आला. लाकडी पेटीवर तारा, वर टाइपरायटरसारखी बटणे, आणि खाली पिकअप लावून आवाज थेट ॲम्प्लिफायरला. सनई-संबळाच्या जागी वरातीत बेंजो पार्टी, हातगाडीवर जनरेटर, वर कर्णे. कॅसेट आली, रिमिक्स आले, आणि शेवटी आला बॉक्स. मोठ्या लाकडी खोक्यात पंधरा-अठरा इंची स्पीकर. कर्ण्याने जो खर्ज गाळला होता, तोच बॉक्सने दामदुपटीने परत आणला. कर्ण्याने शब्द दूर नेला आणि घुमार गाळला. बॉक्सने घुमार आणला आणि शब्द बुडवला. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या आपल्या गावच्या संगीताचा इतिहास या दोन वाक्यांत बसवता येईल असे मला वाटते. पण ते सिद्ध करायला माझा कान पुरेसा नाही. त्याला नोंदी लागतील, मोजमाप लागेल, शेकडो माणसांशी बोलावे लागेल. म्हणूनच संशोधन हवे.

शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते. उलट दिशेने मुंबईहून बेंजो आला, कॅसेट आल्या, भाड्याचे बॉक्स आले. पाण्याचा हिशेब आपण ठेवतो, धरणात किती दशलक्ष घनमीटर साठा हे रोज पेपरात येते. या आवाजाचा हिशेब कुणी ठेवायचा?

कायदा काय मोजतो

कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये सविस्तर निकाल आला. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांच्या ‘आवाज फाउंडेशन’ने वर्षानुवर्षे मीटर हातात धरून आकडे गोळा केले. या माणसांचे आपल्यावर ऋण आहे. कारण कानाचे नुकसान भरून येत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलमध्ये आठ तास हा कामगारांसाठी सुरक्षित मानला गेलेला एक मापदंड. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते आणि मुदत निम्म्यावर येते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये मुदत उरते पाव तासाची. वरातीत बॉक्सला खेटून नाचणारी आपली मुले तीन-तीन तास नाचतात. टेम्पोवरचा तो मुलगा तर सबंध हंगामभर तिथेच उभा असतो.

पण इथेही एक गोष्ट अभ्यासाची आहे. पोलिसांच्या हातातले मीटर डेसिबल मोजते ते ‘ए’ पट्टीवर. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून ही पट्टी खर्जाचा आकडा कमी करून धरते. ६३ हर्ट्झला, म्हणजे जिथे बॉक्सचा खरा धक्का असतो तिथे, ती सुमारे २६ डेसिबल वजा करते. छातीत धडधडते, पत्रे थरथरतात, आणि मीटरवर आकडा त्या मानाने लहान दिसतो. शिवाय खर्जाच्या लहरी लांब असतात, साठ हर्ट्झची लहर साधारण साडेपाच-पावणेसहा मीटरची. कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत तिला अडवत नाही. पाड्यावरच्या झोळीत झोपलेल्या बाळापर्यंत ती सरळ पोहोचते. शहरातल्या काँक्रीटच्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून झालेले मोजमाप आपल्या घरांना लागू पडते का? हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आरोग्याचा आहे आणि संगीताचाही आहे. इतका मोठा प्रश्न एका तक्रार अर्जात मावत नाही.

जगात आणि महाराष्ट्रात

जगात या विषयावर गंभीर काम झाले आहे. कॅनडाच्या आर. मरे शेफर यांनी १९७७ मध्ये ‘ध्वनिपरिसर’ ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली: जसा गावाला भूगोल असतो तसा आवाजाचाही असतो. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवर पुस्तक लिहिले. ग्रेगरी बूथ यांनी आपल्या लग्नातल्या ब्रास बँडवर २००५ मध्ये पुस्तक काढले. जमैकातल्या किंग्स्टनच्या गल्ल्यांत १९५० च्या दशकापासून बॉक्सच्या भिंती रचून नाच रंगतात. त्या ‘साउंड सिस्टिम’वर ज्युलियन हेन्रिक्स यांनी २०११ मध्ये ‘सॉनिक बॉडीज’ हा ग्रंथ लिहिला, आणि पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या पैशातून रस्त्यावरच्या ध्वनियंत्रणांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. गरीब वस्तीतले तंत्रज्ञ, बॉक्स बांधणारे सुतार, वायरी जोडणारे कारागीर यांना तिथे ज्ञानी माणूस मानून त्यांच्याकडून शिकले जाते. मला हे फार मोलाचे वाटते. किंग्स्टनच्या गल्लीला जो मान मिळतो तो शहापूरच्या टेम्पोवरच्या मुलाला का मिळू नये?

महाराष्ट्रात पायाभरणी झालेली आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा वाहिलेल्या डॉ. अशोक दा. रानडे यांनी कलासंगीत, लोकसंगीत, जनसंगीत अशा कोटी मांडून सगळ्या गाण्याला एकाच फूटपट्टीने मोजू नका हे शिकवले. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे मोठे अभिलेखागार, आज गुरुग्राममध्ये असलेले एआरसीई, १९८२ मध्ये सुरू झाले ते पुण्यात. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी गावोगावच्या बायांबरोबर बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या ठेव्यातल्या अनेक ओव्या आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सर्वांना ऐकता येतात. पिठाची गिरणी आली आणि जात्याबरोबर ओवी थांबली. ती थांबण्याच्या आत कुणीतरी तिथे पोहोचले, म्हणून ती उरली. धवल्याच्या बाबतीत आपण आज त्याच वळणावर उभे आहोत.

काम काय, पैसा कुठून

मग एखाद्या मुलीने हा विषय घेतला तर तिने काय करायचे? माझ्या मनात त्या प्रबंधाचा आराखडा असा आहे. पहिले, एका खोऱ्यातली दहा-बारा गावे-पाडे निवडायचे आणि एक सबंध वर्ष त्यांचा आवाज नोंदवायचा: भातलावणी, गौरी-गणपती, दिवाळीतला तारपा, सप्ताह, म्हसा यात्रा, लग्नसराई. दुसरे, एकच गाणे तीन प्रकारे ध्वनिमुद्रित करायचे: माइकशिवाय, कर्ण्यातून आणि बॉक्समधून, आणि गाणाऱ्यांनाच ते ऐकवून विचारायचे, तुमचे काय गेले, काय आले? तिसरे, मंडपवाले, बेंजोवाले, स्पीकरवाले यांच्या धंद्याचा इतिहास लिहायचा: पहिला सेट कुणी आणला, कर्ज कुठून काढले, सुपारी किती, हंगाम किती दिवसांचा, त्यांच्या कानांची अवस्था काय. चौथे, ‘ए’ पट्टीवर आणि खर्ज न गाळणाऱ्या ‘सी’ पट्टीवर, दोन्ही मापांनी, कुडाच्या घरात आणि सिमेंटच्या घरात नोंदी घ्यायच्या. या चार कामांत ध्वनिशास्त्र आहे, संगीत आहे, अर्थकारण आहे आणि माणूस आहे.

चार-पाच वर्षांचे हे काम रिकाम्या पोटी होत नाही. ज्या घरात मुलाने शिकायचे की बापाबरोबर वीटभट्टीवर जायचे हा प्रश्न असतो, तिथे शिष्यवृत्ती हाच संशोधनाचा पाया. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट-जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या दरवर्षी ७५० अधिछात्रवृत्त्या आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या योजना आहेत. पण या पैशासाठी, तो वेळेवर आणि पुरता मिळावा म्हणून, आपल्या संशोधक मुलांना आझाद मैदानावर बसावे लागले, हेही आपण पाहिले. ज्याला संशोधन करायचे आहे त्याला आंदोलन करावे लागू नये. शासनाला माझी हात जोडून विनंती आहे: अधिछात्रवृत्ती दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या, तिच्यात ध्वनिमुद्रक, मीटर आणि प्रवास यांचा खर्च धरा, आणि प्रबंध मराठीत लिहिणाऱ्याला दुय्यम मानू नका. धवल्याचा अर्थ ज्या भाषेत कळतो, त्याच भाषेत त्याचे संशोधन सगळ्यांत खोल जाईल.

संशोधकालाही मला एक अट सांगायची आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा ध्वनिमुद्रक सुरू करण्याआधी ग्रामसभेत जा. काय नोंदवणार, कुठे ठेवणार, कुणाला ऐकवणार ते सांगा. जे गाणे बाहेर जाऊ नये असे म्हातारी म्हणेल, ते जाऊ देऊ नका. आणि काम संपल्यावर प्रत्येक नोंदीची प्रत गावाला परत द्या. ज्ञान गावातून घ्यायचे आणि विद्यापीठाच्या कपाटात बंद करायचे, हा प्रकार आता थांबला पाहिजे.

असे संशोधन हाती आले तर गावाला काय मिळेल? आज बॉक्स ठेवायचा की नाही यावर भावाभावांत भांडणे होतात. एक म्हणतो आमचा सण, दुसरा म्हणतो माझी आई आजारी आहे. ग्रामसभेपुढे नीट नोंदी असतील तर तिथे वेगळी चर्चा होईल. धवला चालू असेतो बॉक्स बंद, असा ठराव करता येईल. तारप्याला माइक द्यायचाच तर स्पीकर फेराच्या मध्यभागी, वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवता येईल. काकड्याला चार कर्ण्यांऐवजी देवळाच्या आवारापुरता आवाज ठेवता येईल. हे निर्णय पोलिसांनी लादलेले नसतील, ऐकणाऱ्या माणसांनी घेतलेले असतील. असे निर्णय टिकतात.

समारोप करतो. इथे बसलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींनो, विषय शोधायला तुम्हाला परदेशात जायला नको. भातसा नदीच्या काठावर, तुमच्याच अंगणात तो उभा आहे. नेटची तयारी करा, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, मार्गदर्शक शोधा. मंडपवाल्या, स्पीकरवाल्या बंधूंनो, तुमच्याकडे ही मुले आली तर त्यांना बसवून घ्या आणि तुम्हाला ठाऊक असलेले सगळे सांगा. तुम्हीही या इतिहासाचे मानकरी आहात. आणि आयाबहिणींनो, या लग्नसराईत तुमच्या घरी हळद असेल तेव्हा एक करा. धवलारीण गायला बसली की टेम्पोवरच्या मुलाला सांगा, ‘बाळा, अर्धा तास बंद ठेव आणि तूही मांडवात येऊन बस.’ त्या अर्ध्या तासात तिच्या मागे चार मुली बसवा. संशोधन जेव्हा व्हायचे तेव्हा होईल, पण झील धरणारी माणसे तोपर्यंत उरली पाहिजेत.